सोयरीक ठरायच्या आधी बाबांचं रक्त तपासा

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, लातूरला होस्टेलवर राहते. गाव केज तालुक्यात. आम्ही दोघी बहिणी. ताईचं बीकॉम झालंय आणि दिवाळीपासून घरात तिच्या लग्नाचं चाललंय. आत्याच्या थोरल्या मुलाचं नाव पुढं आलंय. दादा निर्व्यसनी आहे, कामाला लागलाय, लहानपणापासून पाहिलेला आहे. पण आत्याच्या धाकट्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार. तो नऊ वर्षांचा आहे आणि दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. आनुवंशिकतेच्या धड्यात वंशावळ काढायला शिकवलं तेव्हा मी वहीत आमच्याच घराची काढली. नात्यातल्या लग्नाला दोन रेघा मारतात. त्या ताई आणि दादाच्या मध्ये मारल्या आणि तेव्हापासून मला झोप नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘तुला शिकायला पाठवलंय, सोयरिकी मोडायला नाही. आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या पोरी केल्या, कुणाला काय झालं?’ आजी म्हणते, त्या लेकराचं दुखणं आत्याच्या नशिबाचं. ताई काहीच बोलत नाही. मी गप्प बसू का? बोलायचं तर काय बोलू?

उत्तर : गप्प बसू नकोस. पण ‘हे लग्न करू नका’ असंही म्हणू नकोस, निदान आत्ताच नको. तुला घरात एवढंच म्हणायचंय की सुपारी फुटायच्या आधी रक्ताची एक तपासणी करू, आणि सुरुवात बाबांपासून करू. ताईपासून नाही, बाबांपासून. असं का, ते तुझ्या वहीतल्या वंशावळीवरच दाखवते. गणित तुला येतंच, फक्त ते शेवटपर्यंत नेलेलं नाहीस.

बीटा थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं आणि आजार अप्रभावी पद्धतीनं उतरतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच तो होतो. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक असतो. आत्याच्या लेकराला मेजर आहे, त्याअर्थी आत्या आणि तिचे यजमान दोघेही वाहक आहेत. इथे शंकेला जागा नाही. आता दादाकडे ये. दोन वाहकांना कशी मुलं होऊ शकतात याची चौकट काढली तर तिच्यात चार घरं असतात : एक पूर्ण निरोगी, दोन वाहक, एक आजारी. दादा आजारी नाही हे आपल्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून ते चौथं घर त्याच्यापुरतं बाद झालं. उरलेल्या तीन घरांतली दोन वाहकाची आहेत. दादा वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश. परीक्षेत बहुतेक मुलं इथे निम्मी लिहून मार्क घालवतात, तू घालवू नकोस.

ताईची बाजू बघ. आत्याला ते जनुक तुझ्या आजोबांकडून आलं नाहीतर आजीकडून. म्हणजे त्या दोघांपैकी एक जण वाहक असणार. मग बाबांकडे ते उतरलं असण्याची शक्यता निम्मी आणि ताईकडे त्या निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता पुन्हा पाव. दोन तृतीयांश गुणिले पाव गुणिले पाव. उत्तर येतं चोवीसात एक.

दादानं परक्या घरातली मुलगी केली आणि कुणाचीच तपासणी केली नाही, तर काय? भारतात शंभरातले साधारण तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. त्या हिशेबानं शक्यता दीडशे ते दोनशेत एक येते. फरक मोठा आहे आणि तुझी झोप उडाली ती उगाच नाही. पण हा चोवीसात एकचा आकडा आपण रक्त तपासलेलं नाही तोवरचाच आहे. तपासलं की तो राहत नाही. दोघांपैकी एकाचा रिपोर्ट जरी स्वच्छ आला, तरी त्यांच्या मुलाला मेजर होण्याची भीती जवळजवळ संपते. दोघेही वाहक निघाले, तर तोच आकडा चारात एकवर जातो. इतका फरक ज्या तपासणीनं पडतो ती टाळून घरात महिनोन्‌महिने वाद घालण्यात काय हशील आहे?

आता बाबा आधी का. आपल्याकडे लग्नाच्या मुलीचं रक्त तपासायचं म्हटलं की निम्म्या गावात ‘पोरीत काहीतरी दोष आहे’ असं पसरतं. मग सोयरीक इथे होवो न होवो, तो बोल तिच्यामागे लागतो. बाबांच्या रिपोर्टला असली भीती नाही. ते दोन लेकींचे बाप आहेत, त्यांचं लग्न कधीच झालंय. शास्त्राच्या दृष्टीनंही तीच पहिली पायरी आहे. बाबा वाहक नसतील तर आजोबा-आजींकडचं ते जनुक ताईपर्यंत पोचायचा रस्ताच बंद झाला. आईकडून येण्याची शक्यता तेवढी उरते, जितकी कुठल्याही परक्या मुलीची असते. त्यासाठी ताईची तपासणी पुढे करायचीच, पण तोवर घरातली हवा निवळलेली असेल.

बाबांना सांगायचं काय, तेही सांगते. एका घरात मेजरचं मूल निघालं की त्याच्या आईवडिलांकडच्या सगळ्या जवळच्या नातलगांनी वाहक तपासणी करून घ्यावी, असा सल्ला डॉक्टर देतातच. आत्यालाही तो कधीतरी दिला गेला असेल, धावपळीत राहून गेला असेल. ‘भाच्याच्या आजारामुळे आपण सगळ्यांनी तपासायचंय’ हे वाक्य खरं आहे, त्यात लग्नाचा विषयही येत नाही. हे तू म्हणण्यापेक्षा आत्यानं म्हटलं तर जास्त बरं. दर तीन आठवड्यांनी त्या लेकराच्या उशाशी ती बसते. सुई टोचताना तोंड फिरवणारं ते लेकरू तिनं पाहिलंय. या विषयात घरात सगळ्यात जास्त कळतं ते तिला, आणि बाबांची ती बहीण आहे. तिला फोन कर. थोरल्याचं लग्न आणि धाकट्याचं दुखणं तिच्या मनात शेजारी शेजारीच असणार, फक्त तिच्याशी हा विषय काढायला कुणी धजावलं नसेल.

तपासणी साधी आहे. आधी सीबीसी, म्हणजे नेहमीची रक्ताची मोजणी, आणि सोबत एचपीएलसी पद्धतीनं हिमोग्लोबिनचे प्रकार. धाकट्याला जिथे रक्त चढवतात तिथेच विचारा, ते सांगतील कुठे करायची. खासगी लॅबमध्येही होते. रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिन ए-टूची ओळ शोध. सर्वसाधारण माणसात ते साडेतीन टक्क्यांच्या खाली असतं. वाहकात बहुतेक वेळा चार ते सहाच्या आसपास दिसतं. सीबीसीतही खूण सापडते. वाहकाच्या तांबड्या पेशी आकारानं लहान असतात, म्हणजे एमसीव्ही (पेशीच्या सरासरी आकाराचा आकडा) ८० च्या खाली, पुष्कळदा ७० च्याही खाली. पण पेशींची संख्या कमी नसते, उलट बहुतेकदा एका घन मिलिमीटर रक्तात ५० लाखांच्या वर असते. लोह कमी असलेल्या बाईच्या पेशीही लहानच दिसतात, पण तिथे संख्याही उतरलेली असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे कितीतरी वाहक मुली वर्षानुवर्षं ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या खात राहतात आणि हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर सरकत नाही.

एक मेख मात्र आहे. अंगात लोह खूपच कमी असेल तर वाहकाचं ए-टूसुद्धा खाली दिसू शकतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. आपल्याकडच्या मुलींत लोहाची कमतरता काही दुर्मीळ नाही. म्हणून ताईचा आकडा काठावर आला, तीन-साडेतीनच्या आसपास, आणि पेशीही लहान असल्या, तर तो रिपोर्ट अंतिम धरू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोह भरून काढून पुन्हा तपासा, नाहीतर थेट डीएनए तपासणी करा. आणि गेल्या काही महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर तेही सांगा.

बाबांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ‘कुणाला काय झालं?’ असं म्हणताना ते खोटं बोलत नाहीत. अप्रभावी जनुक पिढ्यान्‌पिढ्या कुणालाही न दिसता चालत राहतं. वाहक माणूस शेतात राबतो, ऊस तोडतो, दहा लेकरांचा बाप होतो, त्याला काही होत नाही. दोन वाहक एकत्र आले तरी सरासरी चारातली तीन लेकरं धडधाकट निघतात. तेव्हा घराण्यात आधी कुणी आजारी नव्हतं यावरून ते जनुक नव्हतं असं ठरत नाही. शिवाय कुणाला काहीच झालं नाही, हे तरी खरं का? आपल्याकडे जुन्या बायका ‘माझी दोन गेली, चार राहिली’ असं सहज सांगतात. ती दोन कशानं गेली ते तेव्हा कुणी तपासलं होतं?

दुसरं तुला ऐकवलं जाईल ते कूळ आणि देवक. आत्याचा मुलगा दुसऱ्या कुळीचा, त्याचं देवक वेगळं, म्हणून रक्तही वेगळं. मावशीचा मुलगा मात्र भाऊ, तिथे लग्नाचा विचारही पाप. चालीरीत म्हणून ज्याची त्याला. पण जनुकांना आते-मामे आणि मावस-चुलत हा भेद कळत नाही. प्रत्येकाला तेवीस गुणसूत्रं आईकडून आणि तेवीस बापाकडून येतात, मग कूळ कुणाचंही लागो. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. सख्ख्या मावस भावंडांतही तेवढीच. आणि हो, ‘दोघांचा ब्लड ग्रुप जुळवून पाहिला’ असं कुणी सांगितलं तर हात जोडून सांग की त्याचा या आजाराशी संबंध नाही.

नात्यातल्या लग्नाची धास्ती मात्र फुगवूनही सांगू नकोस. कुठल्याही जोडप्याच्या शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत काही ना काही जन्मजात दोष असतो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात तो आकडा चार ते सहाच्या घरात जातो. शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलं चांगलीच असतात, आणि म्हणूनच लोकांचा अनुभव डॉक्टरांच्या बोलण्याशी जुळत नाही. तुमच्या घरात मात्र गोष्ट वेगळी आहे. इथे एक आजार समोर दिसतोय, त्याचं नाव माहीत आहे आणि त्याची तपासणी हाताशी आहे. तू बोलायचंस ते यावर.

नात्यातल्या लग्नाची काळजी अडाणी-शहाण्यात भेद करत नाही. चार्ल्स डार्विनची बायको एमा ही त्याची सख्खी मामेबहीण. त्यांचं लग्न १८३९ मध्ये झालं. दहा मुलं झाली आणि त्यातली तीन लहानपणीच गेली. पुढे रोपांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यानं पाहिलं की स्वपरागणातून आलेली रोपं बहुतेकदा परपरागणातल्या रोपांपेक्षा कमी जोमाची निघतात. स्वतःच्या मुलांच्या तब्येतीची चिंता त्याच्या पत्रांत जागोजागी आहे. १८७१ च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नांबद्दल प्रश्न घालावा म्हणून त्यानं खटपट केली, ब्रिटिश संसदेनं ती मानली नाही. त्याला कारण सांगता येत नव्हतं, कारण जनुकांचा हिशेब त्याच्या हाताशी नव्हता. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून आला होता, पण जगाचं त्याकडे लक्ष गेलं १९०० मध्ये. डार्विनला जे गणित मांडता आलं नाही ते बारावीच्या वहीत तू मांडलंस. बाबांना हे सांग, अभिमानानं सांग. शिकायला पाठवलं ते वाया गेलं नाही, हे त्यांना कळायला हवं.

तुझ्या अभ्यासाच्या अंगानं आणखी एक. इतकं घातक जनुक निसर्गात टिकलं कसं, हा प्रश्न तुला पडला असेलच. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये तर्क मांडला की थॅलेसेमियाच्या वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असावं. म्हणून मलेरियाच्या मुलखात वाहक जास्त जगले आणि जनुक टिकून राहिलं. पुढच्या संशोधनानं त्याला बळ मिळालं. सिकल सेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचंही तसंच आहे. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलंच नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. म्हणजे वाहक असणं हा कुळाला लागलेला डाग नाही. कधीकाळी त्याच जनुकानं कुणा खापरपणज्याला तापातून वाचवलं असेल.

हेच आजीलाही समजावायचंय, फक्त वेगळ्या शब्दांत. ‘आत्याचं नशीब’ म्हणताना सगळा भार त्या बाईवर पडतो. एकटी आई वाहक असून मेजरचं मूल होत नाही. बापाकडूनही तेच जनुक यावं लागतं, आणि मुद्दाम कुणी देत नाही. बारशाला गुटगुटीत असलेलं लेकरू सहा महिन्यांनी निस्तेज का झालं, यालाही दृष्ट कारण नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी (मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमधला प्रथिनाचा एक भाग) लागत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरतं, त्याची जागा घेणारं नवं हिमोग्लोबिन या मुलांत पुरेसं तयार होत नाही, आणि मग आजार दिसायला लागतो.

आजी त्या लेकराला ‘रक्त वाढायला’ काही देत असेल तर तेवढं मात्र आजच थांबव. आयर्नचं टॉनिक त्याला औषध नाही, अपाय आहे. धड्यात समस्थिती, म्हणजे शरीर आपलं आतलं संतुलन कसं राखतं ते, शिकलीस ना, इथे ती अंगावर उलटलेली दिसते. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि अस्थिमज्जा जोरानं पेशी बनवायला लागते. पण त्या पेशी सदोष, मज्जेतच मरतात. मज्जा आणखी पसरते. रक्त वेळेवर मिळालं नाही तर गालाची, कपाळाची हाडं रुंदावतात, पाणथरी (प्लीहा) फुगते. शरीराला वाटतं कच्चा माल कमी पडतोय, म्हणून आतडं अन्नातून जास्तीचं लोह ओढायला लागतं. त्यात बाहेरून चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात येतं, आणि शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर काढायची सोयच आपल्या शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात साचतं. मेजरच्या मुलांचा जीव पुष्कळदा या साचलेल्या लोहामुळे धोक्यात येतो. म्हणून लोह काढणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नसतात आणि फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, ठरावीक काळानं तपासायचं असतं. आत्याला विचार, गोळ्या नियमित चालू आहेत का. आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं का, तेही विचार. २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे.

सगळ्यात महत्त्वाचं माणूस तू पत्रात एका ओळीत उरकलंस. ताई काहीच बोलत नाही, एवढंच लिहिलंस. तिला दादा हवाय का? नकोय का? की बाबांची ऐपत, हुंडा, परक्या घरची धास्ती याचा हिशेब करून ती गप्प आहे? नात्यात मुलगी दिली की देणंघेणं कमी होतं, सासू आत्याच असते, लेक डोळ्यांसमोर राहते. ही कारणं खोटी नाहीत, दुष्काळ सोसलेल्या घरात तर मुळीच नाहीत. आत्याला किंवा बाबांना फोन करायच्या आधी ताईशी बोल. वही दाखव. लग्न तिचं आहे, मूल तिच्या पोटी वाढणार आहे. तिच्या पाठीमागे तू लढाई सुरू केलीस तर उद्या तीच तुझ्यावर रागावेल.

रिपोर्ट आल्यावर काय, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोघेही वाहक निघाले तर त्यांनी एकमेकांशी लग्न करू नये. दोघंही दुसरीकडे संसार थाटू शकतात, फक्त तिथेही जोडीदाराचं रक्त तपासून घ्यायचं. इतकं होऊनही ते दोघं एकमेकांवर अडून बसले, तर गर्भावस्थेत अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेच्या पेशी काढून निदान करता येतं. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यातही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला परवानगी आहे, लिंग मात्र सांगत नाहीत. पण त्यासाठी दोघांची डीएनए तपासणी आधी होऊन ठेवावी लागते, नमुने बहुधा पुण्या-मुंबईला जातात, आणि नंतर जो निर्णय घ्यावा लागतो तो कुठल्याही बाईला जड जातो. टाळता येत असताना ताईनं त्या वाटेला जावं, असं मला वाटत नाही. एकाचा जरी रिपोर्ट स्वच्छ आला, तर या आजारापुरती अडकाठी उरत नाही. नात्याबाहेरचं स्थळ मिळालं तर मी तेच निवडीन, पण तेवढ्यावरून बहीण-भावाचं घर तुटेपर्यंत ताणणार नाही. मग ताईला काय हवंय त्यावर सोड.

आणि तुझं काय? वंशावळीत तुझा गोल ताईच्या शेजारीच आहे, त्यामुळे तू वाहक असण्याची शक्यताही तेवढीच, पाव. बाबा वाहक निघाले तर ती पाववरून निम्म्यावर जाते. परीक्षा झाल्यावर गावी जाशील तेव्हा तूही तपासून घे आणि तो कागद दहावीच्या मार्कमेमोच्या फाइलमध्ये ठेव. आकडा काठावर आला नाही तर ही तपासणी आयुष्यात एकदाच लागते.